मोल्सवर्थ : एका विरळ आडनावाची व्युत्पत्ती व वाटचाल

मराठीच्या अभ्यासकास 'मोल्सवर्थ' हे नाव प्रथम भेटते ते ग्रंथ म्हणून. 'मोल्सवर्थमध्ये पाहा' असे म्हणताना ते एक आडनाव आहे, आणि खुद्द इंग्लंडातही ते विरळाच आढळते, हे सहसा ध्यानी येत नाही.

आडनाव स्थलवाचक आहे. हंटिंग्डनशरमधील (१९७४ पासून केंब्रिजशर) मोल्सवर्थ या लहानशा गावावरून ते आले. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या महसुली पाहणीत ह्या गावाची नोंद आहे. उत्तरपद 'वर्थ' म्हणजे प्राचीन इंग्रजीत कुंपणबंद वस्ती. आपल्या 'वाडी'च्या जवळचा अर्थ. पूर्वपदाविषयी लोकव्युत्पत्ती 'मोल' या बिळात राहणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवते. ती टिकत नाही; प्राण्याचे हे नाव इंग्रजी वाङ्मयात रुळले ते चौदाव्या शतकात, आणि गावाची नोंद त्याहून कितीतरी जुनी. तेव्हा 'मूल' नावाच्या कुणा पुरुषाची वाडी, हाच अर्थ ग्राह्य ठरतो. (मराठी 'मूल'शी याचा काडीचाही संबंध नाही.) शब्दाचा मूळ अर्थ खेचर, मिश्र वंशाच्या माणसाला लाभलेले ते टोपणनाव असावे. केंटचा राजा मूल ६८७ मध्ये जाळून मारला गेला, एवढ्यावरून हे नाव राजकुळातही चालत होते हे दिसते.

मराठीतील 'कर'प्रत्ययान्त आडनावांशी तुलना येथे उद्बोधक ठरते. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून वेगळे ओळखता येत नाही. ते चिकटते गाव सोडल्यावर. मराठीने त्यासाठी प्रत्यय राखला. इंग्रजीत आरंभीचा 'द' हा संबंधदर्शक शब्द पुढे गळाला आणि गाव व माणूस यांचे नाव एकच झाले.

विरळतेचे कारणही यातच आहे. 'न्यूटन' नावाची गावे अनेक, म्हणून त्या आडनावाची उगमस्थानेही अनेक. मोल्सवर्थचे मूळ गाव एक, तेही लहान. अशा एकमूळ आडनावांवर पुरुषसंततीच्या खंडाचे सावट सदैव असते. गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७० च्या दशकात कुलनामांच्या लोपाचे गणित मांडले ते याच प्रश्नातून. हेन्री गपी यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांच्या आडनावांवरून परगणावार वाटणी दाखविली, पण विरळ आडनावे मोजणीतून वगळली. त्या पद्धतीची ही मर्यादाच म्हणावी लागेल.

संख्येने अल्प असलेले हे आडनाव पसरले मात्र दूरवर. एक शाखा कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथे स्थिरावली; तिच्यातील सर विल्यम (१८१०–१८५५) यांनी हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादिले. आयर्लंडमधील शाखेस १७१६ मध्ये व्हायकाउंट हा किताब मिळाला. डब्लिनमध्ये व वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ रस्ते आहेत, आणि न्यूझीलंडचे संसदभवन त्यांपैकी दुसऱ्यावर उभे आहे.

मराठीत हे आडनाव आणले मुंबई लष्करातील जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) यांनी. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. मराठी 'मोल' आणि आजचे इंग्रजी 'वर्थ' दोन्ही किंमत सांगणारे शब्द, हा निव्वळ योगायोग. कोश एकट्याचा नव्हे. पहिल्या आवृत्तीत टॉमस व जॉर्ज कँडी साहाय्यक होते, आणि शब्द गोळा करून त्यांचे अर्थ ठरविण्याचे कष्ट शास्त्रीपंडितांनी उपसले. त्यांच्यापैकी कुणाचेही आडनाव कोशाला लागले नाही.