पेण, २१ सप्टेंबर २००८

दिवा-रोहा पॅसेंजरमधून पेणला उतरता, तेव्हा गणपती होऊन गेलेत, पितृपक्ष चालू आहे आणि तालुक्यातल्या बावीस गावांत मतदान आहे. उमेदवार नाही, चिन्ह नाही. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न.

मिनीडोरने गावात पोचता. भात पोटरीला आलंय. शाळेसमोर रांग आहे, हातात सातबारा, आणि रांगेत धुमसणारा राग. हेटवणे धरण शेतीसाठी म्हणून बांधलं. पाणी नवी मुंबईला निघालं, कालवे अर्धवटच राहिले. आता म्हणे जमीनच द्या! सेझविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्याबरोबर ही माणसं मोर्च्यांत चालली, तेव्हा कुठे सरकार विचारायला आलं.

तुमच्या पुढचा पोरगा दलाल-दलाल ओरडत पोलिसाच्या अंगावर जातो. तुम्हीही त्याच्यामागे दोन पावलं टाकता. हाताची मूठ कधी वळली, कळत नाही.

मध्ये एक म्हातारी येते. नऊवारीचा काष्टा, हातात तांब्या. तांब्या ती आधी पोलिसापुढे धरते. तो गोंधळतो, मग घटाघटा पितो. सकाळपासून उभा आहे बिचारा.

“त्याचा बापूस पन शेतकरीच असंल, बाला,” ती पोराला म्हणते. “त्याला मारून तुझा सातबारा वाचनार नाय.”

‘राग गिळा’ असं सांगणाऱ्यांचा मला स्वतःला फार राग येतो. जमीन ज्याची जाते त्यालाच सबुरीचे डोस का? पण म्हातारी तसं काही म्हणत नाही. ती त्याला काम देते. रांगेच्या शेवटी काठी टेकून एक म्हातारा उभा आहे, त्याला टेबलापर्यंत नेऊन पोचव म्हणते. पोरगा धुसफुसत जातो. परत येतो तेव्हा त्याचा आवाज खाली आलेला असतो, मत मात्र बदललेलं नसतं.

याच तालुक्यातल्या गागोद्याला विनोबा जन्मले, भूदानवाले. रांगेत त्यांचं नाव कुणी काढत नाही.

तुमची पाळी येते. जमीन तुमच्या नावावर नाही, त्यामुळे तुम्ही बाजूला होता. म्हातारी पुढे सरकते, टेबलाशी वाकते आणि मोठ्यानेच बोलते, “आमची जमीन आमी देनार नाय.”

त्या संध्याकाळी निकाल जाहीर होत नाही. पण महामुंबई सेझ तिथे कधीच उभं राहिलं नाही.