अमेरिकन संगीत रंगभूमी

अमेरिकन संगीत रंगभूमी : गद्य संवाद, गीत, वाद्यवृंद व नृत्य यांच्या संयोगातून कथानक उलगडणारा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विकसित झालेला नाट्यप्रकार. ‘म्यूझिकल’ या नावाने तो ओळखला जातो. न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे हा मार्ग व त्याच्या परिसरातील नाट्यगृहे हे त्याचे प्रमुख केंद्र असल्याने ‘ब्रॉडवे’ हा शब्द या रंगभूमीचा पर्यायच होऊन बसला आहे. ऑपेरात संवादही बहुधा गायिले जातात. येथे मात्र नट बोलता बोलता गाऊ लागतो. तो नेमका त्याच क्षणी का गाऊ लागतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात या प्रकाराचा बराच इतिहास खर्ची पडला. गाणारा अमेरिकन माणूस कोण आणि त्याचे सोंग कोणी घ्यावयाचे, हा दुसरा प्रश्नही त्यात प्रारंभापासून गुंतलेला आहे.

या रंगभूमीची मुळे फारशी प्रतिष्ठित नाहीत. १८४३ मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स’ या चार गोऱ्या कलावंतांच्या संचाने चेहऱ्याला काजळी फासून, बँजो व फिडल यांच्या साथीने कृष्णवर्णीय गुलामांच्या गाण्याबोलण्याची नक्कल न्यूयॉर्कमध्ये सादर केली आणि ‘मिन्स्ट्रल’ खेळांची लाट उसळली. अस्सल अमेरिकन म्हणता येईल असा हा पहिला लोकप्रिय रंजनप्रकार. पण तो उपहासावर उभा होता आणि ज्यांच्या लयीवर तो जगला, त्यांना त्यात प्रथम स्थानच नव्हते. १८६६ मध्ये निब्लोज गार्डन या नाट्यगृहात ‘द ब्लॅक क्रूक’ हे सैतानाशी करार करणाऱ्या मांत्रिकाचे अद्भुतरम्य नाटक आले. नृत्ये, गाणी व डोळे दिपविणारी दृश्ये यांची त्यात रेलचेल होती. साडेपाच तासांच्या या खेळाचे ४७४ प्रयोग झाले. त्याला पहिले अमेरिकन संगीत नाटक म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यातील गाणी कोठूनही कोठेही हलविता आली असती. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या इंग्रजी ऑपेरेटांनी १८७९ पासून अमेरिकन प्रेक्षकांना वेड लावले आणि चतुर शब्दरचनेचा आदर्श घालून दिला. पुढे व्हिक्टर हर्बर्ट, सिग्मंड राँबर्ग व रूडॉल्फ फ्रिमल या यूरोपातून आलेल्या संगीतकारांनी व्हिएन्नी वळणाचे ऑपेरेटा लिहिले. जॉर्ज एम्. कोहॅनने ‘लिट्ल जॉनी जोन्स’ (१९०४) मध्ये अमेरिकन रस्त्यावरची भाषा व चाल रंगमंचावर आणली. फ्लोरेन्झ झीगफेल्डच्या ‘फॉलीज’ या १९०७ पासूनच्या रेव्ह्यूंत कथानकाचा प्रश्नच नव्हता.

कृष्णवर्णीय कलावंतांनी ही रंगभूमी स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न याच काळात केला. विल मॅरियन कुकचे संगीत असलेले ‘इन दहोमी’ (१९०३) हे ब्रॉडवेच्या प्रमुख नाट्यगृहात झालेले, कृष्णवर्णीयांनीच लिहिलेले व सादर केलेले पहिले पूर्ण लांबीचे संगीत नाटक होय. त्याचा विनोदी नट बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय असूनही त्याला चेहऱ्याला काजळी फासावी लागे. गोऱ्या प्रेक्षकाला हवा असलेला ‘काळा’ तो मुखवट्याखेरीज ठरत नव्हता. यूबी ब्लेक व नोबल सिसल यांच्या ‘शफल अलाँग’ (१९२१) चे पाचशेहून अधिक प्रयोग झाले व त्यातील जॅझची लय ब्रॉडवेने तत्काळ उचलली.

गाणे कथेत मुरविण्याचा नेटका प्रयत्न २९९ आसनांच्या प्रिन्सेस थिएटरमध्ये झाला. जागा अपुरी म्हणून भपका अशक्य; साहजिकच जेरोम कर्न, गाय बोल्टन व पी. जी. वुडहाउस यांना कथेवरच विसंबावे लागले. या अनुभवातून गेलेल्या कर्नने ऑस्कर हॅमरस्टाइन (दुसरा) याच्यासह एडना फर्बरच्या कादंबरीवरून ‘शो बोट’ रचले. २७ डिसेंबर १९२७ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये आले. मिसिसिपी नदीवरील नाट्यनौकेची ही कथा आहे. तिच्यातील ज्यूली ही नटी गोरी म्हणून वावरते. ती एक प्रेमगीत गाऊ लागते, तेव्हा नौकेवरील कृष्णवर्णीय स्वयंपाकीण क्वीनी चकित होते : हे गाणे तर फक्त आमच्या लोकांत म्हटले जाते, ते हिला कसे ठाऊक? पुढे ज्यूलीच्या रक्ताचे रहस्य फुटते आणि मिश्रविवाहाच्या कायद्यामुळे तिला व तिच्या पतीला नौका सोडावी लागते. येथे गाणे हाच पुरावा आहे. ते काढले तर कथेचा सांधाच निखळतो. या रंगभूमीला गाण्याचे खरे प्रयोजन प्रथम येथे गवसले, असे म्हणता येईल. तथापि याच मूळ प्रयोगात क्वीनीची भूमिका टेस गार्डेला या गोऱ्या नटीने काजळी फासून केली होती. नाटकाची संहिता त्याच्या नाट्यसंस्थेच्या किती पुढे होती, हे यावरून दिसते.

मंदीच्या काळात राजकीय उपरोधाला बहर आला. ‘ऑफ दी आय सिंग’ (१९३१) हे पुलिट्झर पारितोषिक मिळविणारे पहिले संगीत नाटक. परंतु पारितोषिक साहित्याचे असल्याने संगीतकार जॉर्ज गर्श्विन त्यातून वगळला गेला. त्याच्या ‘पोर्गी अँड बेस’ (१९३५) चे प्रथम केवळ १२४ प्रयोग झाले. १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये वर्णभेदाने विभागलेल्या प्रेक्षागृहापुढे गाण्यास त्यातील नटांनी नकार दिला आणि त्या मुक्कामापुरता तो भेद दूर करावा लागला.

३१ मार्च १९४३ रोजी आलेल्या ‘ओक्लाहोमा!’ने नवे पर्व सुरू केले. पडदा उघडतो तेव्हा गायिकांचा ताफा नाही. एक वृद्धा एकटीच ताक घुसळत बसलेली असते आणि पडद्यामागून एक स्वर ऐकू येतो. संगीतकार रिचर्ड रॉजर्स पूर्वी लोरेन्झ हार्टबरोबर काम करताना बहुधा चाल आधी बांधीत असे. हॅमरस्टाइनबरोबर हा क्रम उलटला : शब्द आधी, सूर नंतर. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या बदलामुळे पात्राचे बोलणे गाण्यात विनासायास सरकू लागले. अ‍ॅग्नेस डी मिलने रचलेल्या स्वप्ननृत्यात नायिकेचे भय व्यक्त झाले, म्हणजे नृत्यही कथेच्या कामी आले. या नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले आणि मूळ संचाच्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्याची गाणी क्रमवार घरोघरी पोहोचली. याच जोडीच्या ‘साउथ पॅसिफिक’ (१९४९) मध्ये वर्णद्वेष जन्मजात नसून शिकविला जातो, असे सांगणारे एक गीत आहे. ते गाळण्याचा आग्रह झाला. लेखकांनी तो मानला नाही. १९५३ मध्ये जॉर्जिया राज्याच्या काही विधिमंडळ सदस्यांनी त्याविरुद्ध उघड तक्रार केली.

याच सुमारास कोल पोर्टर, अर्व्हिंग बर्लिन व फ्रँक लेसर यांची उत्तम नाटके आली. लर्नर व लो यांचे ‘माय फेअर लेडी’ (१९५६) शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले आहे; त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत ‘ती फुलराणी’ (१९७५) केले, मात्र त्याचा भर गाण्यांवर नसून भाषेवर आहे. लेनर्ड बर्नस्टाइनचे संगीत व जेरोम रॉबिन्झचे दिग्दर्शन लाभलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७) मध्ये ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ची कथा न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत, गोऱ्या व प्वेर्त रीकोच्या तरुणांच्या टोळ्यांत आणली गेली. त्याची गीते लिहिणाऱ्या स्टीव्हन साँडहाइमने पुढे ‘कंपनी’ (१९७०) व ‘स्वीनी टॉड’ (१९७९) यांत सुखान्ताची हमी नाकारली.

१९६८ मध्ये ‘हेअर’ने रॉक संगीत ब्रॉडवेवर आणले. नर्तकांच्या ध्वनिमुद्रित आत्मकथनांतून घडलेल्या ‘अ कोरस लाइन’ (१९७५) चे ६,१३७ प्रयोग झाले. या रंगभूमीला शासकीय आश्रय जवळजवळ नाही. ती गुंतवणूकदारांच्या पैशावर चालते व बहुसंख्य नाटकांचे भांडवलही वसूल होत नाही. म्हणून प्रयोगसंख्येला येथे एवढे महत्त्व. १९८० नंतर ब्रिटिश भव्य नाटकांनी ही स्पर्धा महागडी केली. त्यांपैकी ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८८ पासून १६ एप्रिल २०२३ पर्यंत, १३,९८१ प्रयोग, चालले.

लिन-मॅन्युएल मिरांडाच्या ‘हॅमिल्टन’ (२०१५) मध्ये राष्ट्राच्या गोऱ्या संस्थापकांच्या भूमिका बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या नटांनी केल्या व हिप-हॉपच्या लयीत आपले वाद मांडले. मिन्स्ट्रलची अदलाबदल येथे उलटी झाली. काजळी मात्र नव्हती. १२ मार्च २०२० रोजी महासाथीमुळे ब्रॉडवेची नाट्यगृहे बंद झाली व सुमारे दीड वर्ष बहुतेक बंदच राहिली. त्यानंतर २०२२ मध्ये टोनी पारितोषिक मिळालेल्या मायकेल आर. जॅक्सनच्या ‘अ स्ट्रेंज लूप’चा नायक ब्रॉडवेच्या नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविणारा एक कृष्णवर्णीय तरुण आहे. तो एक संगीत नाटक लिहीत असतो. त्या नाटकाचा नायकही संगीत नाटक लिहिणारा एक कृष्णवर्णीय तरुणच आहे.