वाचनाचा भार कोणावर?

वसईच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या काळचा दफ्तरी पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडीत नसत. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही कटाक्षाने पाळीत नसत. लेखकाची सोय झाली, पण शब्द तोडण्याचा भार वाचकाच्या माथी आला. पुढे छापील बाळबोधीने तो भार लिपीवरच घातला.

संगणकाच्या भाषांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. मजकुराची फोड करण्याची सोय भाषेतच असावी, की ज्याची त्याने करावी? १९५७ ची फोरट्रान आकडेमोडीसाठी जन्मली होती. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्नोबॉल निघाली. मजकुरातील नमुने ओळखणे हेच तिचे मुख्य अंग होते. त्याच प्रयोगशाळेत पुढे १९७५ च्या सुमारास 'याक' आले. ही भाषा नव्हे, तर दिलेल्या व्याकरणावरून फोड करणारा प्रोग्राम तयार करून देणारे वेगळे हत्यार होते. १९८७ च्या पर्लने मात्र नमुने पुन्हा भाषेतच आणले.

सोयी वाढल्या की भाषा अवजड होते आणि भाषेत शिरलेली चूक निघता निघत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही आपल्याच परिसरातील तीन नावे घेऊन पाहू. पालघर, बोईसर, तारापूर. शाळेतील मूलही सांगेल की प्रत्येकात चार अक्षरे आहेत. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार यांच्या खुणा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून पायथॉन ही भाषा अनुक्रमे ५, ५ आणि ७ अशी मोजणी करते. २०१४ मध्ये आलेली स्विफ्ट मात्र तिन्ही वेळा ४ म्हणते, कारण अक्षर ओळखणे तिच्या अंगीच आहे. पाच खुणांचा रकाना ठेवला, तर पालघर व बोईसर सुखरूप राहतील. तारापूरचे मात्र 'ताराप' होईल. गावाच्या जागी माणसाचे नाव असेल, तर शाळेच्या दाखल्यावर किंवा शिधापत्रिकेवर ते तसेच तुटून पडेल.

म्हणून आमचे मत असे आहे की, अक्षर आणि शब्द ओळखणे हे भाषेचेच काम मानावे. एखाद्या विशिष्ट मजकुराचे संपूर्ण व्याकरण मात्र वेगळ्या हत्याराकडे सोपवावे. तारापूर चार अक्षरांचे आहे, एवढे तरी प्रत्येकाला नव्याने शिकवावे लागू नये.