‘डफरिन’ : नांगरलेल्या जहाजावरील शाळा

मुंबईत माझगावच्या धक्क्यासमोर एक जहाज सुमारे पंचेचाळीस वर्षे नांगरून उभे होते. ते माल नेत नव्हते की उतारू आणीत नव्हते. परंतु त्यावरून उतरलेली मुले पुढे जगातील दूरदूरच्या बंदरांत पोहोचली. त्या जहाजाचे नाव ‘डफरिन’. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी करणारी ही शाळा १९२७ साली सुरू झाली. ती मिळविण्यासाठी केवढा वाद घालावा लागला, याची आज फारशी कोणाला आठवण नाही.

समुद्र आपल्याला परका नव्हता. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले, तरी कोकणचा माणूस काही दर्यापासून दूर गेला नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतून खलाशी, टंडेल आणि सारंग विलायती आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबत आले. परंतु नकाशावर मार्ग आखणे आणि जहाजाला हुकूम देणे हे काम गोऱ्या अधिकाऱ्यांचे. सारंग कितीही जाणता असला, तरी कप्तानाच्या जागेकडे जाणारी शिडी त्याच्यासाठी नव्हती.

१९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल रोजी तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. भांडवल स्वदेशी झाले. परंतु अधिकारी कोठून आणावयाचे? परीक्षा उत्तीर्ण झालेले भारतीय अधिकारी जवळजवळ नव्हतेच, कारण त्यांना शिकविणारी संस्था देशात नव्हती. आणि संस्था का नाही, असे विचारले, तर हिंदी मुलांना समुद्राची आवड नाही, असे उत्तर तयार असे. ज्याला दार उघडलेच नाही, तो आत आला नाही म्हणून दोष देण्याचा हा प्रकार होता.

१९२२ मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडला. १९२३ साली कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने शिक्षणासाठी जहाज असावे, असे सुचविले. त्याचबरोबर किनाऱ्यावरील व्यापार क्रमाक्रमाने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा, असेही म्हटले. सरकारने पहिली सूचना स्वीकारली, दुसरी बाजूला ठेवली. याचा अर्थ उघड होता : विद्या मिळेल, परंतु तिला लागणारे काम मिळेलच असे नाही.

शाळेसाठी निवडलेले जहाज स्वतः अनुभवी होते. रॉयल इंडियन मरीनचे हे सैन्यवाहू जहाज १९०४ साली इंग्लंडात बांधले गेले आणि पहिल्या महायुद्धात तांबड्या समुद्रात वावरले. आता त्यावर मिसरूडही न फुटलेली मुले आली. भिन्न प्रांतांची, भिन्न भाषांची ही मुले एका छताखाली राहू लागली. तीन वर्षे गणित आणि नौकानयन शिकावयाचे, दोरांच्या गाठी मारावयाच्या, होड्या वल्हवावयाच्या, निशाणांची भाषा वाचावयाची. पुढे समुद्रावर उमेदवारी करून अधिकारपदाची परीक्षा द्यावयाची. १९३५ पासून यंत्रविभागाची मुलेही येथे शिकू लागली.

बाहेर पडलेल्यांची वाट सोपी नव्हती. विलायती कंपन्या त्यांना घेण्यास नाखूश असत आणि भारतीय कंपन्यांच्या बोटी मोजक्याच. १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी व्यापार राखून ठेवण्याचे विधेयक मांडले, तेही सिद्धीस गेले नाही. ती मागणी स्वातंत्र्यानंतरच पुरी झाली.

तरीही शाळेने आपले उत्तर दिले. तिच्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो नौदलात गेला आणि २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. व्यापारी जहाजांसाठी काढलेल्या शाळेने आरमारालाही नेता दिला.

१९७२ मध्ये ‘डफरिन’ निवृत्त झाले. त्याची जागा ‘राजेंद्र’ जहाजाने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईत नेरूळच्या जमिनीवरील ‘चाणक्य’ संस्थेत चालू लागले. जहाज गेले, परंतु खलाशाच्या मुलाने कप्तान होण्याची इच्छा धरावी, यात कोणाला नवल वाटेनासे झाले. त्या नांगरलेल्या जहाजाने केलेला खरा प्रवास हाच होय.