गिरणी कामगारांचा रविवार

कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या कापड गिरणीचे उत्पादन १८५६ साली सुरू झाले. मुंबईतली ही पहिली कापड गिरणी. तिच्यामागोमाग गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे कामाला येऊ लागली. शेतीतही घाई असे, पण ती पेरणी-कापणीपुरती. हंगाम सरला की सवड मिळे. गिरणीचा भोंगा मात्र बाराही महिने वाजे. विजेचे दिवे येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस आणखी लांबे. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळत असल्याने यंत्राचा वेग हाच हाताचाही वेग ठरे.

या धावपळीवर कामगारांनी आधी आपापल्या परीने उपाय शोधला. सोबत्याला साच्यावर (मागावर) लक्ष ठेवायला सांगून ते बाहेर पडत, बिडी ओढत, जेवत, अंघोळही उरकत. मालकांना हा आळस वाटे. प्रत्यक्षात इतके तास सलग काम करणे माणसाला झेपणारे नव्हते. १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगासमोरही या सवयीची चर्चा झाली.

विश्रांती हक्क म्हणून मागितली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार, या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने त्या दिवसाची सुटी कामगारांना आपली वाटणारी होती.

मालकांनी बरीच वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारचा अर्धा तास विसावा यांना आधार दिला. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही.

ही उणीव पुढे जाचक ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि अंधार पडल्यावरही साचे चालू राहू लागले. सूर्यास्ताने आजवर घातलेली मर्यादा आता कायद्यालाच घालावी लागणार होती. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची सीमा ठरवली. १९२२ मध्ये ती अकरा तास आणि आठवड्याला साठ तास झाली, १९३४ मध्ये कायमस्वरूपी कारखान्यांसाठी दहा तास आणि चोपन्न तासांवर आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, तसेच सलग पाच तासांहून अधिक काम न देता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक केले.

चोरून घेतलेली उसंत एकट्याची असे आणि मुकादमाच्या मर्जीवर टिके. सर्वांना एकाच वेळी मिळालेली सुटी कोणाच्याही मर्जीवर अवलंबून राहिली नाही. लोखंड्यांच्या चळवळीचे सर्वांत टिकाऊ यश हेच आहे.