सह्याद्री (नामविस्तार)

सह्याद्री हे तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या डोंगररांगेचे नाव असून ‘सह्य’ व ‘अद्रि’ म्हणजे पर्वत या दोन संस्कृत शब्दांच्या संधीने ते बनले आहे. पुराणांतील सात कुलपर्वतांत, म्हणजे भारतवर्षाच्या प्रमुख पर्वतांत, सह्याची गणना होते. या नावाचा फार जुना कोरीव उल्लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. तेथील तिसऱ्या लेण्यातील प्राकृत लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला असून त्यात गौतमी बलश्री ही राजमाता आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला ज्या पर्वतांचा स्वामी म्हणते, त्यांत विंध्य, पारियात्र आणि मलय यांच्या जोडीला सह्यही आहे.

नाशिक जिल्ह्यातील बोलण्यात मात्र हे नाव क्वचितच येते. गावकरी समोरच्या डोंगराला ब्रह्मगिरी, सातमाळा किंवा सेलबारी असे त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखतो आणि तो ओलांडण्याच्या वाटेला घाट किंवा बारी म्हणतो. ‘सह्याद्री’ हा शब्द पोथीतून आणि शिलालेखातून आलेला आहे, आणि म्हणूनच तो एका डोंगराला न चिकटता साऱ्या प्रदेशाचा वाचक होऊ शकला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे महाराष्ट्रभर म्हटले गेले. पुढच्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. केसरी संस्थेचे मासिक, दूरदर्शनची मराठी वाहिनी, मुंबईतील शासकीय अतिथिगृह आणि दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील द्राक्ष उत्पादकांची शेतकरी कंपनी यांनीही हेच नाव घेतले.

हे नाव मराठी मुलखापुरतेच आहे, हा समज मात्र चुकीचा होय. शिवमोग्ग्याला सह्याद्री महाविद्यालय आहे, तर वैलोप्पिळ्ळी श्रीधर मेनन यांच्या प्रसिद्ध मल्याळम कवितेत सह्याचा पुत्र म्हणजे हत्ती आहे.

निसर्गविज्ञानात ‘सेरोपेजिया सह्याद्रिका’ ही कंदीलपुष्पाची एक जाती या पर्वताच्या नावाने ओळखली जाते. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ ही माशांची स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली गेली. तिच्यातील काळ्या पट्ट्यावर लाल रेघ असलेला मासा शोभेच्या माशांच्या बाजारात ‘मिस केरळ’ या नावाने विकला जातो आणि महाराष्ट्रातील कोणत्याही नदीत तो मूळचा नाही.