शेजाऱ्याच्या पाटीवरची अक्षरे

हीरकमहोत्सवी ग्रंथात गुणवंतांच्या याद्या असतात, आणि त्या असाव्यातच. परीक्षांच्या इतिहासातील नकलेचे पान मात्र अशा ठिकाणी सहसा उघडले जात नाही.

राजकोटच्या हायस्कुलात मोहनदास गांधी पहिल्या वर्षाला असताना जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी तपासणीस आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांपैकी ‘केटल’ मोहनदासचा चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावले, की शेजाऱ्याच्या पाटीवरून सुधारून घे. मुलाला ते उमगलेच नाही. शिक्षक उभे आहेत ते नक्कल होऊ नये म्हणून, अशी त्याची भाबडी समजूत! बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर निघाले. ही कथा आपण सत्यनिष्ठेचा धडा म्हणून सांगतो. मला मात्र ते शिक्षक अधिक आठवतात. साहेबापुढे वर्गाची अब्रू राखण्याची त्यांना चिंता होती, आणि तिचा भार एका मुलाच्या पाटीवर आला होता.

अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांची परीक्षा घेऊन १९२८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका प्रसंगी फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगी प्रामाणिक राहते, असे त्यांना आढळले. मुलांच्या ‘प्रामाणिक’ आणि ‘लबाड’ अशा दोन जाती त्यांना सापडल्या नाहीत. प्रसंग, पकडले जाण्याचा संभव आणि वर्गातील वातावरण यांचा प्रभाव मोठा ठरला.

आपल्या शेजारच्या नोएडा-गाझियाबादने याचा पडताळा पाहिला आहे. १९९२ साली उत्तर प्रदेशात नकलेविरुद्ध कडक कायदा झाला आणि त्या वर्षी हायस्कूल परीक्षेत शंभरातले जेमतेम पंधरा विद्यार्थी उत्तीर्ण झाले. एकाच वर्षात मुलांची नियत पालटली असे कोण म्हणेल? पुढे सरकार बदलले, कायदाही गेला.

दिल्लीकरांना २०१८ अधिक जवळचे. बारावीच्या अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका हस्तलिखित रूपात मोबाइलवर फिरली आणि २५ एप्रिलला फेरपरीक्षा झाली. ज्यांनी ते पान पाहिलेही नव्हते, तेही पुन्हा बसले. इतरांजवळ काहीतरी आहे आणि आपल्याजवळ नाही, ही शंका सरळ मुलालाही पोखरते. आपणच मूर्ख ठरू, हे भय नापास होण्याच्या भयाहून लहान नसते.

अनेक वर्षांपूर्वी एका केंद्रावर पर्यवेक्षण करताना मला एका हुशार मुलाच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. घडी मोडलेली नव्हती. त्यातील सूत्रे त्याने उत्तरपत्रिकेत आधीच अचूक लिहिली होती. ‘मग आणलीस कशाला?’

‘बाई, नुसती जवळ असली की धीर वाटतो.’

पेपर रद्द होईल का, हे त्याने विचारले नाही. घरी कोण सांगणार, एवढेच विचारले.